संध्याकाळी उमटलेला हात

बाळाच्या टाळूला नाक लावलं आणि मला निकिताचा वास आला.

बाळंतिणीच्या खोलीत वासांना काय तोटा? ओवा, शेपा, गोवरीवरची धुरी, तिळाचं तेल, दूध, दोरीवर वाळणारी लंगोटं. या सगळ्यांच्या खालून तो हळूच वर आला. रवा भाजता भाजता त्यात गूळ सांडावा आणि कढईच्या कडेला जरासा करपावा, तसा. या घरात तो वास एकाच माणसाच्या अंगाला यायचा, आणि त्या माणसाला मागच्या पावसाळ्यात आम्ही शेतात माती दिली होती.

मी पुन्हा हुंगलं. टाळूला आता नुसतं दूध. मानेपाशी मात्र तो होता. बाहेर आमच्या मुरुम गावच्या दुपारी पत्रे तडतडत होते आणि आत खिडकीला गोधडी लावून केलेला अंधार. दार जरासं किलकिलं होतं. झोपायच्या आधी मी ते लावून घेतलं होतं, की नव्हतं? बाळंतपणात डोकं असं होतं, की आपलंच आपल्याला छातीठोक सांगता येत नाही. बाळ मात्र खुशाल होतं. छातीशी धरल्याबरोबर त्यानं डोळे मिटले आणि प्यायला लागलं. त्याच्या मुठीत माझं बोट होतं.

निकिता माझी नणंद. मी लग्न होऊन आले तेव्हा तिच्या हातांवर कोड होतं. बोटांच्या पेरांवर, मनगटापर्यंत, थोडं हनुवटीखाली. मेंदी काढावी तर तिनंच. उमरग्यापर्यंतच्या नवऱ्या तिचं नाव काढायच्या. पण मेंदी काढायची तर नवरीचा हात हातात घ्यावा लागतो, आणि नवरीच्या आया मेंदीच्या आधी मेंदीवालीचे हात बघायच्या.

ऊन लागलं की तिचे डाग लाल व्हायचे, भाजायचे. भोवतालची कातडी काळवंडायची आणि डाग आणखीच उठून दिसायचे. सोलापूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, उन्हात रंग धरायला जाऊ नको, रंग हवाच असेल तर बाटलीतला लाव. हे औषध नाही, यानं डाग बरे होणार नाहीत. कातडीचा अगदी वरचा, मेलेला पापुद्रा असतो ना, तेवढाच रंगतो आणि आठवड्याभरात त्याच्याबरोबर गळून जातो. आणि रंग आला म्हणून उन्हात हिंडायचं नाही, हेही बजावलं होतं.

"अख्खं मुरुम गोरं व्हायला मलम लावायलंय वैनी, आन् मी एकटी काळी व्हायला," निकिता हसायची. "मेडिकलवाला म्हनला, ताई, उलटी बाटली तर न्हाय मागवली?"

तिला लावून द्यायचं काम माझं. ओल्या पंचानं हात घासून काढायचे, कोरडे करायचे. मग साध्या क्रीममध्ये मिसळून पातळ हात फिरवायचा, पेरांवर कमी, कारण तिथं रंग जास्त धरतो. लावणाऱ्यानं तळवे लगेच साबणानं धुवायचे, नाहीतर ते विटकरी होतात. आणि मग निकितानं दोन्ही हात अंगापासून लांब, अधांतरी धरून बसायचं, वाळेपर्यंत कशाला टेकवायचे नाहीत. लावताना काही म्हणजे काही दिसत नाही. दुपारी लावलं तर संध्याकाळी चढायला लागतो, मेंदीसारखा. असा थोडा थोडा चढवत नेला की ज्वारीच्या भाकरीचा रंग यायचा, आमच्या घरातल्या सगळ्यांचा. आणि रंग चढताना तो वास.

अव्वा, म्हणजे माझ्या सासूबाई इरम्मा, हे सगळं दारातून बघायच्या आणि न बोलता आत जायच्या. लेकीला त्यांनी लहानपणापासून दोनच गोष्टी शिकवल्या होत्या. बाही खाली ओढ, आणि लोकाच्या लेकराला हात लावू नको. कोड शिवल्यानं लागत नाही, हे डॉक्टरीणबाईंनी त्यांना समोर बसवून सांगितलं. अव्वा मान हलवत राहिल्या. बसमध्ये मला म्हणाल्या, "त्यांचं खरं असंल. पन लोकाची तोंडं त्या थोड्याच धरनार हायत?"

म्हणून निकितानं कधी तान्हं लेकरू घेतलं नाही. गल्लीत बारसं असलं की ती पाळण्यापासून लांब, भिंतीला टेकून उभी. "तुझं लेकरू मी घेनार हां वैनी," असं मात्र मला पुन्हा पुन्हा बजवायची. "माझ्या भावाचं लेकरू. कोन अडवतंय बघते की."

तिला डेंग्यू झाला तेव्हा मला दिवस गेल्याचं माझं मलाच माहीत नव्हतं. तिच्या मेंदीचे कोन, तिची पिशवी आणि ती रंगाची बाटली, सगळं तिच्याबरोबर मातीत दिलं, असं अव्वांनी मला सांगितलं होतं. आमच्यात दहन नाही.

ज्या दुपारी वास आला, त्याच संध्याकाळी बाळाचं लंगोट बदलताना पाठीवर काहीतरी पिवळसर दिसलं. आदल्या दिवशी पाचवी पुजली होती. हळदीचा हात लागला असेल, म्हणून मी पदरानं पुसलं. गेलं नाही. दिवेलागणीला ते आणखी गडद वाटलं. ट्यूबलाइटचा उजेड असा असतो, असं मी स्वतःला समजावलं.

सकाळी गंगम्मामावशी आल्या. गल्लीतल्या सगळ्या बाळ-बाळंतिणींना न्हाऊ घालणाऱ्या. जीभ तिखट, हात लोण्यासारखा. पाय पसरून, बाळाला पालथं घालून त्यांनी पाठीवर डाळीचं पीठ चोळलं. पुन्हा चोळलं. मग चोळायच्या थांबल्या.

"काय ग, काय लावलीस लेकराला?"

"काही नाही मावशी. हळद असेल."

"हळद अशी व्हय?" त्यांनी बाळाला उचलून दाराच्या उजेडात धरलं. "यव्वा!"

मीही वाकून पाहिलं. तपकिरी हात होता. एवढ्याशा पाठीवर आडवा, चार बोटं वेगवेगळी, अंगठ्याचा उंचवटा, बोटांमधल्या फटीसुद्धा कोऱ्या. कुणी नुकताच ठेवून उचलावा तसा.

अव्वा गरम पाण्याचा तांब्या घेऊन येत होत्या. तो त्यांच्या हातून सुटला.

"बघ की इरम्मा," मावशींनी आवाज खाली आणला. "पाचवीला सटवाई येती, कपाळावर लिवती. पाठीला धरनारी ती न्हवं."

"मग कोण?" मी विचारलं.

दोघीही माझ्याकडं बघेनात. मावशी बाळाला पंचात गुंडाळत म्हणाल्या, "पोटात हौस ठिवून गेलेली असती एकेकीच्या."

अव्वा भिंतीला धरून खाली बसल्या. "आली," एवढंच म्हणाल्या.

मावशींनी उपाय लगेच सांगितला. मंगळवारी सकाळी डाग द्यायचा. बिब्बा दिव्यावर तापवायचा आणि त्याच्या तेलाचा चटका, हाताच्या पाची बोटांवर एकेक. "जितं धरलंय तितंच चटका बसला की सोडती. न्हाय दिला तर हात वर वर सरकतो. गळ्यापर्यंत."

माझ्या बाळाची पाठ माझ्या तळव्यापेक्षा थोडी मोठी. तिच्यावर पाच चटके.

त्या सगळ्यांना फक्त हात दिसत होता. मला तो रंगही ओळखू येत होता, आणि म्हणूनच मी त्यांच्यापेक्षा जास्त घाबरले. मीच कितीदा चढवला होता तो. रंग तिचा, वास तिचा, आणि बाटली तिच्यापाशी, शेतात, मातीखाली.

माझा नवरा शांतलिंग ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात कामाला आहे. त्यानं पाठीचा फोटो काढून मेडिकलवाल्याला दाखवला. तो म्हणाला, काहीतरी लागलंय, साबणानं धुवा. आम्ही धुतलं. हात तिथंच.

"डाग द्यायचा नाही," मी म्हणाले. "काहीही झालं तरी नाही."

"एवढं काय त्याचं? हितं सगळ्यांलाच देतेत." त्यानं शर्ट वर केला. बेंबीशेजारी गुळगुळीत, रुपयाएवढा वण. "मला बी दिलता. मेलो का मी?"

"दुखलेलं आठवतंय?"

"न्हाय."

"मग याला आठवणार नाही म्हणून द्यायचा?"

त्यानं शर्ट खाली ओढला. मग म्हणाला, "निकी आली असंल तर, प्रतीक्षा? तिला लई हौस होती लेकराची. तुला भ्या वाटत न्हाय?"

वाटत होतं. तेच तर होतं. पण मला आई नाही, जायला माहेर नाही. या खोलीतून बाळाला घेऊन मी कुठं पळणार होते? टाके ओले होते. मंगळवार तोंडावर आला होता.

दुसऱ्या दुपारी मी ठरवून जागी राहिले. दाराला आतून पाट लावला. बाळ झोळीत, झोळीची दोरी माझ्या हातात. बाहेर एक कावळा पत्र्यावर चालत होता, त्याच्या नखांचा आवाज तेवढा. डोळा कधी लागला कळलं नाही. जाग आली तेव्हा पाट बाजूला सरकलेला, दोरी माझ्या हातातून सुटलेली, आणि झोळी आपली हलतेय. खोलीत कुणी नाही. वास होता. यावेळी इतका दाट, की निकिता माझ्यामागं बसून केस विंचरतेय असं वाटलं. मी मागं वळून बघायला धजले नाही. तसंच हात पुढं करून बाळाला झोळीतून काढलं.

संध्याकाळी मी त्याला उघडं करून मांडीवर घेतलं आणि वाट बघत बसले. माझंच बाळ, आणि मी त्याच्या अंगावर कुणाचा हात उगवतो ते बघत बसलेली. आधी मानेच्या मागं पिवळट सावली आली. मग बुडाखाली, मांडीला धरून. अंधार पडायच्या आधी दोन्ही नीट उमटले. एक हात मानेखाली, बोटं डोक्याच्या मागं पसरलेली. दुसरा बुडाखाली, अंगठा मांडीला वळसा घातलेला.

मी बराच वेळ बघत राहिले. मग माझा हात त्या खुणेवर धरला. मग दुसरा. बाळ आपोआप उचललं गेलं. मान सावरलेली, पाठ सरळ, अगदी जसं घ्यायला पाहिजे तसं. मला स्वतःला हे पहिले दोन दिवस जमलं नव्हतं. मान लटकायची, आणि गंगम्मामावशी ओरडायच्या.

निकितानं आयुष्यात बाळ घेतलं नव्हतं. मान कशी धरायची हे तिला कोण शिकवणार? हे हात लेकरं वाढवलेल्या बाईचे होते.

भीती गेली असं नाही. पण तिची जागा बदलली. आतापर्यंत ती शेतात होती, आता घरात आली.

सोमवारी दुपारी मी डोळे मिटून पडले, श्वास लांब सोडत. पाट लावला नाही. थोड्या वेळानं दार सरकलं. अव्वा आल्या. दोन्ही हात अंगापासून लांब, अधांतरी. ते धरणं मी कुठंही ओळखलं असतं. त्या झोळीपाशी थांबल्या, हात वाळायची वाट बघत असाव्यात. बाळ कुरकुरलं, मग रडायच्या बेतात आलं. त्यांना राहवलं नाही. एक हात मानेखाली, एक बुडाखाली.

"घे," त्या पुटपुटल्या. बाळाशी नव्हत्या बोलत. स्वतःच्या हातांकडं बघून बोलत होत्या. "घे बाई. पोटभर घे. कुनी बघत न्हाय."

ओरडावं असं वाटलं, पण बाळ त्यांच्या हातांत होतं.

"अव्वा," मी हळू म्हणाले. "त्याला माझ्याकडं द्या."

त्या दचकल्या नाहीत. कुणीतरी बघेल याची जणू वाटच बघत होत्या. बाळ मला दिलं. मी आधी ओलं फडकं घेऊन त्याची मान आणि मांड्या पुसून काढल्या, मग विचारलं, "बाटली कुठंय?"

त्यांनी कमरेच्या ओच्यातून काढली. तळाला थोडंसं उरलेलं.

"ही तिच्याबरोबर दिली म्हणाला होतात."

"दिली न्हाय." त्या खाली बसल्या. "पिशवी दिली, कोन दिले. ही ठिवून घेतली. तिचा वास होता हिला." मग बोटं फाकवून माझ्यापुढं धरली. तळवे विटकरी होते; रोज विडा लावतात, कात लागला असेल असंच आम्हा सगळ्यांना वाटायचं, आणि वासही विड्याखाली दबायचा. पण बोटांच्या बेचक्यात, जिथं रंग पोचला नव्हता, तिथं दुधासारखं पांढरं होतं. "ह्ये दिवाळीच्या पुढं आलं. तिचंच हाय. जन्मभर तिला कुनाच्या लेकराला शिवू दिलं न्हाय म्या, म्हनून माझ्या हातांत येऊन बसलीया. मग तिला लेकरू द्यायचं न्हाय व्हय?"

"आणि तरी डाग द्यायला हो म्हणालात?"

"घ्यायला दिलं म्या. न्यायला न्हाय दिलं." त्यांचा आवाज फाटला. "हात उमटला तशी भ्याले ग. धरून ठिवली तर? सोडलीच न्हाय तर?"

मी बाळाला पाजत पाजत त्यांना सांगितलं, की तो हात निकिताचा नाही, तुमचाच आहे. बाटलीतला रंग ओल्या हाताला लागतो, हाताचा बाळाला, आणि संध्याकाळी वर येतो. अव्वांनी माझ्याकडं कीव केल्यासारखं पाहिलं.

"खुळी हायस. औषध हाय ते. कोड असंल तितंच रंग भरतंय. लेकराला कुठाय कोड?"

त्यांनी लेकीला लावताना पाहिलं होतं, बाटलीवरचं वाचलं कधीच नव्हतं. निकितानंही, आईला बरं वाटावं म्हणून असेल, त्याला नेहमी औषधच म्हटलं होतं.

मी ब्लाऊजची बाही वर सरकवली. "मला कुठंय? लावा थोडं हाताला आणि इथं धरा."

त्या नको नको म्हणाल्या. मग बाटली उपडी केली, उरलेलं तळव्यावर घेतलं आणि माझा दंड धरला. त्यांची पकड गार होती. माझ्या आईनं मला असं कधी धरलं होतं ते मी आठवायचा प्रयत्न केला. आठवलं नाही.

मग आम्ही वाट बघत बसलो. बाळ मध्ये झोपलेलं. गोधडीच्या फटीतून उन्हाची एक रेघ जमिनीवरून सरकत भिंतीवर चढली. अव्वा भिंतीकडं बघून बोलायला लागल्या.

"तिला माती द्यायच्या आदी म्या लावलं होतं तिच्या हाताला. आंघोळ घातली, इभूत लावली, आन् मग ह्ये. मानसं जमायची होती. कुनी हात बघून बोलू नये, म्हनून. लई चोळलं ग. रंग आलाच न्हाय. तसेच पांढरे हात घेऊन गेली."

डॉक्टरीणबाईंचं ते वाक्य मला आठवत होतं, की रंगतो तो मेलेला पापुद्रा. जिवंत असण्याशी त्या रंगाचा काही संबंध नाही. लावल्यापासून माती देईपर्यंत किती वेळ गेला, ते मी मनात मोजायला लागले आणि मुद्दाम थांबले.

रेघ भिंतीवरून गेली. शेळ्या परत आल्याचा आवाज आला. मी दंड पुढं केला. आधी वास आला, मग पिवळट सावली, मग बोटं. अव्वा जवळ सरकल्या, इतक्या की त्यांचा श्वास दंडाला लागला. अंगठा उमटला तेव्हा त्यांनी आपला हात त्या खुणेवर अलगद ठेवला. तंतोतंत बसला.

मला वाटलं, आता त्यांना हायसं वाटेल.

"म्हंजी ती आलीच न्हाय," अव्वा म्हणाल्या.

त्यांनी हात उचलला नाही. अगदी बारीक आवाजात विचारलं, "मग तितं बी आला असंल का ग रंग? मातीत? संध्याकाळी?"

"आला असेल, अव्वा."

त्या उठून आत गेल्या. उद्या काय करणार, हे मी विचारलं नाही, आणि रात्रभर त्याचाच पस्तावा करत बाळाला पोटाशी घेऊन पडले.

मंगळवारी उजाडल्या उजाडल्या गंगम्मामावशी आल्या. एका हातात दिवा, पदरात बिब्बा. शांतलिंगनं बाळाला घेतलं होतं, पाय धरायचं काम त्याचं.

"थांबा मावशी," मी मध्ये उभी राहिले. "रंग आहे तो. निकिताच्या बाटलीतला. हे बघा, माझ्यावर पण काल आलाय." आणि मी बाही वर केली.

मोठी चूक झाली. मावशींनी दंडावरचा तो पाच बोटांचा हात पाहिला आणि दोन पावलं मागं सरल्या.

"अरं द्येवा! आईला बी धरली." दिवा त्यांनी लगेच खाली ठेवला. "शांतलिंगा, बघत काय राहिलास? आता दोघांला बी द्यावं लागतंय."

शांतलिंगचा चेहरा उतरला. त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी मी नव्हतेच. मी बाळाकडं हात केले, तर तो बाळाला घेऊन मागं सरकला. माझ्यापासून. त्या क्षणी मला कळलं, की मी आता काहीही बोलले तरी ते माझं बोलणं धरलं जाणार नाही.

"अव्वा!" मी हाक मारली. "अव्वा, सांगा की!"

न्हाणीतून पाण्याचा आवाज येत होता. मघापासून येत होता, माझं लक्ष नव्हतं. मावशींनी बिब्ब्याला सुई टोचली, दिव्यावर धरली. तेल चरचरलं. बाळ रडायला लागलं, त्याला काय कळलं होतं कुणास ठाऊक.

पाणी थांबलं. अव्वा बाहेर आल्या. हातात पाय घासायची वजरी होती आणि दोन्ही हात मनगटापर्यंत घासून घासून लाल झालेले. लालीच्या मधूनमधून पांढरे डाग. पेरांवर, बोटांवर, अंगठ्याच्या मुळाशी. निकिताचेच हात वाटावेत, असे.

"माझा हाय तो," अव्वा म्हणाल्या. "लेकराच्या पाठीवरला. हिच्या दंडावरला बी. म्या घेतलं होतं त्याला. तिची बाटली लावत हुते, ह्ये झाकायला."

"कवापासनं?" मावशींचा आवाज बदलला.

"दिवाळीपासनं."

"आन् आमी रोज तुझ्या हातचा च्या पितोय! आदी सांगायचं न्हाय व्हय, इरम्मा?" त्यांनी दिवा फुंकला, बिब्बा फडक्यात गुंडाळला. भुतापुढं ज्या टिकून राहिल्या होत्या, त्या या हातांपुढून पदर आवरत उंबऱ्याबाहेर गेल्या. दारातून म्हणाल्या, "उद्यापासनं दुसरी बघा कुनी. मला धा घरची लेकरं न्हाऊ घालायचीत."

"जावा," अव्वा म्हणाल्या. "लई उपकार झाले."

शांतलिंग आईच्या हातांकडं बघत उभा होता. बाळ त्याच्या कुशीत रडून लाल झालेलं. मला वाटलं तो मला देईल. त्यानं दोन पावलं पुढं टाकली आणि बाळ आईपुढं धरलं. अव्वांनी हात मागं घेतले. तो तसाच धरून उभा राहिला. "घे की अव्वा," म्हणाला, "रडायलंय ते."

तेव्हापासून बाळाला अव्वाच न्हाऊ घालतात. चहाला शेजारच्या बाया येत नाहीत. कोडावर औषध असतं, बघू काय होतंय ते, म्हणून पुढच्या आठवड्यात मी त्यांना सोलापूरला नेणार आहे. अव्वा हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत.

मांडीवरचा हात आधी गेला, मग मानेवरचा. माझ्या दंडावरचे पापुद्रे निघाले. पाठीवरचा सगळ्यात जुना, तोच आधी जायला हवा होता. पण तो फिकट होऊन थांबल्यासारखा आहे. आज सकाळी मी न्हाणीच्या दारात बसून बघत होते. अव्वा पाय पसरून बसल्या होत्या, बाळ पालथं. पांढऱ्या बोटांनी त्यांनी पीठ चोळलं, खांद्यांना, कमरेला, तळपायांना. त्या हाताच्या भोवतीनं. त्याच्यावर एकदाही बोट गेलं नाही.

"अव्वा, पाठ राहिली," मी म्हणाले.

"राहू दे," त्या म्हणाल्या, आणि बाळाला उचललं, एक हात मानेखाली, एक बुडाखाली.